बिरजाबाईंचा आयरिश कागद

आमच्या घरात कागद वाया जात नसे, आणि नेमकं तेच आमच्या अंगाशी आलं. हा कागद यायचा मिशनच्या दवाखान्यातून. गोंडपिपरी मागं टाकून जंगलात शिरणाऱ्या एका रस्त्यावर आमचं गाव; गावाच्या टोकाला कौलारू दवाखाना, त्याच्यामागं सिस्टरांचं घर, आणि कुंपणाला लागून आमच्या दोन खोल्या. माझे बाबा, तुळशीराम, दवाखान्यात कामाला होते. त्यांच्या कामाला नाव नव्हतं. पट्ट्या उकळायच्या, हातपंपाचा वायसर बदलायचा, अडलेल्या बाईला बैलगाडीतून अलगद उतरवून घ्यायचं, विंचू चावलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, आणि महिन्यातून एकदा सिस्टरांच्या ओसरीवरचं सायक्लोस्टाईलचं मशीन फिरवायचं. या शेवटच्या कामाचा त्यांना फार अभिमान. "आपल्याइथी छापखाना हाये," असं ते बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगायचे, आणि आई आतून म्हणायची, "हो, अन् आपल्याइथी मीठ सरलं हाये."

छापखान्याच्या मालकीण सिस्टर ब्रिजिट. गाव त्यांना बिरजाबाई म्हणे. उंच, हाडकुळ्या, नाकाची कातडी उन्हानं बारा महिने सोललेली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी त्या आयर्लंडहून आल्या होत्या आणि मराठी शिकल्या त्या थेट आमच्या गावातल्या बायांकडून. त्यामुळं शहरातून आलेल्या एखाद्या बड्या डॉक्टरालाही त्या "काऊन जी, जेवले का?" असं विचारायच्या आणि तो गांगरून जायचा. गावात कोणी त्यांच्या देशाला विलायत म्हटलं की मात्र त्यांचा पारा चढे. "विलायत नाई! विलायतवाल्यांनी आमच्यावर राज केलं. आमच्या लोकायले उपाशी मारलं. जे उरले ते जहाजात बसून देशोधडीले लागले." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं होतं. आमचं घर आजोबांच्या वेळी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. गावाच्या विहिरीवरून हाकलून दिल्याची आठवण आजोबांना होती. बाबा म्हणाले, "म्हंजे सिस्टर, तुमीबी आमच्यातल्याच निघाल्या." बिरजाबाई यावर इतक्या खूश झाल्या की पुढं आल्यागेल्याला त्या हे सांगत सुटल्या.

तर तो कागद. देशोधडीला लागलेली त्यांची माणसं आपल्या देशातही बरीच होती. डोंगरावरच्या शाळांतले मास्तर, इस्पितळांतल्या नन्स, आडगावचे पाद्री, घुग्घुसच्या खाणीत यंत्रं बसवायला आलेले एक इंजिनिअर साहेब. या सगळ्यांसाठी बिरजाबाई दर महिन्याला दोन पानी बातमीपत्र काढायच्या. इतक्या आडरानातून का, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, बाकीच्यायले टाइम नाई. कोण सुटीवर मायदेशी गेलं, कोण परतलं, कुणाच्या आईला देवाज्ञा झाली, मद्रासेत मंडळींनी नाचगाण्याची संध्याकाळ केली तिला किती जण जमले, तिकडच्या कोणत्या जिल्ह्यानं कोणत्या जिल्ह्याला खेळात हरवलं, कुणाच्या फिडलची तार तुटली आहे आणि ती कुणाकडं मिळेल. पहिलं पान इंग्रजीत, दुसरं सगळं त्यांच्या जुन्या भाषेत असे, इंग्रजीहून अगदी निराळ्या. आणि दोन्ही पानांच्या अगदी वर, डाव्या कोपऱ्यात, त्या स्वतः टोचणीनं मेणकागदावर तीन पानांची एक डहाळी काढायच्या. तिकडच्या कुरणात ते गवत उगवतं आणि ती त्यांच्या देशाची खूण आहे, असं त्यांनी मला सांगितलं होतं. आम्हाला तो पळसच वाटायचा. तीन पानं म्हटल्यावर आमच्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

मशीनचा आवाज मला आजही कानात आणता येतो: दांडा फिरला की आधी खर्र, मग ओला चटका बसल्यासारखा चप्प, आणि कागद पडल्याचा हलका सुस्कारा. शाईचा वास घरभर यायचा. त्या दिवशी आईच्या लाखोरीच्या डाळीलाही शाईचा वास लागला आहे अशी मी तक्रार करायची, आणि आई म्हणायची, मंग तुह्या बापाले सांग. पहिले बरेच कागद खराब निघत. कुठं शाई फुटलेली, कुठं एकावर एक दोनदा उमटलेलं. ते बाजूला पडत, आणि त्यांची पाठ कोरी असे. कोरी पाठ बघून बाबांचा जीव राहत नसे. ते खराब कागद बंडल करून घरी आणायचे आणि मागेल त्याला द्यायचे. शाळेतली पोरं त्यावर गणितं करत, दुकानदार चिवड्याच्या पुड्या बांधी, लग्नाच्या घरी पंगतीची नावं त्यावरच लिहिली जात. आमच्या पंचक्रोशीत अशी एक वेळ होती की चहाच्या टपरीवर भजी खाल्ली तर बोटांखाली कलकत्त्यातल्या एखाद्या आयरिश म्हातारीच्या वाढदिवसाची बातमी निघे. इंग्रजी मी तिथंच शिकले. शाळेतल्या पुस्तकापेक्षा मला त्या अनोळखी माणसांची जास्त काळजी वाटायची.

मार्चमध्ये त्यांच्या संताचा दिवस यायचा. तेव्हा जवळपासची चार-सहा आयरिश माणसं आमच्या गावी जमत. घुग्घुसचे साहेब जीपनं येत, कोळशाची धूळ कॉलरवर घेऊन. नागपूरहून दोन म्हाताऱ्या नन्स. सिरोंच्याकडून एक पाद्री, जे तेलुगू आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलत. मोहफुलं पडायचे दिवस असत, सगळ्या हवेला तो जड गोड वास. बिरजाबाई ताक आणि सोडा घालून पाव करायच्या, डब्यात भरून निखाऱ्यांवर. वरची साल करपायची आणि आतून तो ओलसर राहायचा. आई त्या दिवशी त्यांच्यासाठी बटाटे आणि पत्ताकोबी उकडून देई, आणि चव बघून तोंड वाकडं करून आपल्यासाठी सुक्या झिंग्यांची चटणी वाटे. जेवणं झाली की साहेब माउथ ऑर्गन काढायचे आणि पाद्रीबुवा नाचायचे. कमरेच्या वरचं अंग ताठ, हात मांडीला चिकटलेले, आणि खाली पाय मात्र भलतेच सुटलेले. आमच्याकडच्या दंडारीत माणूस सगळ्या अंगानं नाचतो. हा प्रकार बघून बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. मग म्हाताऱ्या नन्स काहीतरी संथ गात आणि सगळे गप्प होत. ती चार-सहा माणसं तेव्हा एकमेकांकडं बघत नसत. दरवर्षी त्यातलं एखादं माणूस कमी झालेलं असे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

कागद अंगाशी आला त्या वर्षी मी दहावीची परीक्षा दिली होती आणि घरी होते. एप्रिल सरता सरता तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. आमच्या भागात त्या दिवसांत घरं ओस पडतात. पहाटेपासून सगळे जंगलात, दुपारी पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. त्या साली भावावरून तणातणी होती. जंगलात बंदूकवाल्यांचं दलम फिरतं अशी कुजबुज दोन-तीन वर्षं होतीच, ती आता उघड बोलली जाऊ लागली. एक दिवस फळीच्या आजूबाजूच्या झाडांवर हातानं लिहिलेले कागद चिकटलेले दिसले: भाव वाढवून द्या, नाहीतर पान तोडणार नाही. कुणी लिहिले, मला आजही माहीत नाही. मागणी खोटी नव्हती, एवढं माहीत आहे. दोनच दिवसांनी ठेकेदाराचा पानांनी भरलेला ट्रक जळाला. आणि पोलिसांनी झाडांवरचे कागद सोलून काढले, उलटून बघितले, तर पाठीमागं बातमीपत्राचं दुसरं पान: छापील अक्षरं, कुणालाच न वाचता येणारी, आणि वर तीन पानांचं चित्र.

पोलिसांची जीप भर दुपारी आली. बिरजाबाई त्या दिवशी मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतींत लसी द्यायला गेल्या होत्या. बाबा ओसरीवर मशीनचा रूळ रॉकेलनं पुसत बसले होते. ठाण्याचं आणि तिथल्या साहेबाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. त्यातलं कोणी आता असेल-नसेल, आणि त्यांची नातवंडं असतील. साहेब तरुण होता, घामानं निथळत होता. त्यानं विचारलं, "हे मशीन कोण चालवतं?"

"मी चालवतो साहेब," बाबा म्हणाले. पाहुण्यांना सांगायचे त्याच सुरात म्हणाले. मी दारात उभी होते, तो सूर मी ओळखला.

साहेबानं कागद पुढं धरला. "हे इथलंच आहे?"

"इथलंच हाये. खराब निघालेलं. मीच वाटतो सगळ्यायले."

"तूच वाटतोस?"

"हो जी. मांगन त्याले देतो. कोरी पाठ वाया काऊन घालवाची?"

साहेबानं सोबतच्या शिपायाला विचारलं, हे चित्र कशाचं. शिपाई आमच्याच बाजूचा होता. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "पयस हाये साहेब. पयसाचं पान." साहेब म्हणाला, ही दलमची निशाणी दिसते आहे, आणि मागच्या बाजूची भाषा सांकेतिक. बाबांची बोटं शाईनं काळी होती. त्यांना हात धुऊ न देताच जीपमध्ये बसवलं. मशीन उचलून नेलं. आई नदीवरून धुणं घेऊन आली तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती.

बिरजाबाई संध्याकाळी परतल्या. आईनं सगळं सांगितलं. त्या ओसरीवरच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता उठतील आणि चालू लागतील. हातात कंदील घेऊन जंगलातून बाळंतपणाला जाणारी ही बाई, तिला ठाणं ते काय. आई म्हणाली, "चला बाई. तुमी सांगान तं आत्ता सोडतीन." त्यांनी बोटं चोळली. मग म्हणाल्या, "मले आधी नागपूरले विचारा लागते."

हे मला आज समजावून सांगावं लागतं, कारण आता ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. त्यांच्या संघाचा नियम होता की वरिष्ठ मदर सुपिरिअरच्या परवानगीवाचून कोणत्याही सिस्टरनं सरकारी माणसापुढं जबाब द्यायचा नाही. आज्ञापालनाचं व्रत त्यांनी एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी घेतलं होतं. शिवाय परदेशी बाईनं परवान्याशिवाय कागद छापून वाटणं हा गुन्हा धरला जाईल, मग एकट्या त्यांच्यावर नाही, सगळ्या दवाखान्यावर गदा येईल, अशी भीती. ही कारणं मला आता कळतात. तेव्हा एवढंच कळत होतं की माझे बाबा कोठडीत आहेत आणि ज्या एका माणसाला तो कागद वाचून दाखवता येतो, तो माणूस टपालाची वाट बघत बसला आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तार केली. त्याच दिवशी साहेब पुन्हा आला, त्यांचा जबाब घ्यायला. त्यांनी हात जोडून सांगितलं की वरून परवानगी आल्याशिवाय मला काही बोलता येणार नाही. याचा साहेबानं काय अर्थ घ्यायचा? त्यानं घ्यायचा तोच घेतला. लपवण्यासारखं काही नसतं तर बाई बोलली असती. आणि बाई गोरी. तिच्यावर हात टाकायचा तर दिल्लीपर्यंत विचारावं लागलं असतं. तुळशीरामसाठी कुणालाच विचारावं लागत नव्हतं.

मी रोज सकाळी बिरजाबाईंच्या दारात जाऊन उभी राहायची. "आलं का उत्तर?" त्या मान हलवायच्या. मदर दक्षिणेकडं दौऱ्यावर गेल्या होत्या म्हणे. तार त्यांच्या मागं गावोगाव फिरत होती. आई दवाखान्याकडं फिरकेनाशी झाली. गावातले लोक आमच्याकडं यायचे थांबले, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरात ते कागद होते त्यांनी ते गुपचूप चुलीत घातले. आमच्या घरातले आईनं जाळले. इतका धूर झाला की मला वाटलं, आता तो धूर बघूनच जीप येईल. एक दिवस मी बिरजाबाईंना म्हटलं, "तुमी खोटं बोलाले थोडीच जाऊन राह्यल्या? खरंच सांगाचं हाये न? मंग खऱ्याले परवानगी काऊन लागते?" त्या म्हणाल्या, "पोरी, मी शब्द देल्ला हाये." मी म्हटलं, "कोनाले?" त्यांनी वर बोट दाखवलं. मला त्या बोटाचा इतका संताप आला की मी ओसरीवरची बादली लाथेनं उडवली आणि पळत घरी आले. तो संताप अजून माझ्यात आहे. मी पुढं नर्सिंग केलं, नोकरीभर अनेक सिस्टरांबरोबर काम केलं, त्यांच्यातल्या कित्येकींवर जीव लावला. पण कोणी आज्ञापालनाचा महिमा सांगू लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

अखेर उत्तर आलं. पत्रात लिहिलं होतं की वकिलाचा सल्ला घेतो आहोत, तोवर थांबा, काही बोलू नका. बिरजाबाईंनी ते मला वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज सपाट होता. मी निघून आले.

बाबांचा डबा मी एसटीनं घेऊन जायची. आत सोडत नसत. दारावरचा शिपाई, तोच पळस ओळखणारा, डबा घेई आणि थोड्या वेळानं रिकामा परत देई. त्या दिवशी डबा परत आला तो भरलेला. भात, डाळ, वर आईनं ठेवलेला आंब्याच्या लोणच्याचा तुकडा, सगळं जसंच्या तसं. मी विचारलं, जेवले काऊन नाई? शिपायानं इकडंतिकडं बघितलं. "हातानं खाता येऊन नाई राह्यलं त्याले," तो म्हणाला, "उद्या पेज आन. पेता येईन." एवढं बोलून तो आत गेला. एसटीत मी तो डबा मांडीवर धरून बसले. रडले नाही. गावात उतरून घरी गेले नाही, थेट सिस्टरांच्या ओसरीवर गेले, बिरजाबाईंच्या पुढ्यात डबा ठेवला आणि झाकण काढलं. शिपाई काय म्हणाला ते सांगितलं. उन्हानं डाळ आंबली होती, तिचा वास सुटला होता. बिरजाबाईंनी डब्यात बघितलं. मग आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत जुन्या अंकांचा गठ्ठा होता आणि पायात चपला होत्या. सोबतची केरळची तरुण सिस्टर मागं धावत आली, "मदरचं पत्र, सिस्टर, पत्र!" असं म्हणत. बिरजाबाई थांबल्या नाहीत. मीही त्यांच्या मागं चालत सुटले आणि परतीची एसटी आम्ही हात करून रस्त्यातच थांबवली.

ठाण्यात साहेबापुढं त्यांनी गठ्ठा ठेवला. "हा कागद माहा. मशीन माहं. चित्र मी काढते. तुळशीरामभाऊ फक्त दांडा फिरवतो, त्याले यातलं अक्षर वाचता येत नाई." साहेब म्हणाला, वाचा. त्यांनी वाचलं. आधी मूळ भाषेत, मग मराठीत. सिमल्याच्या शाळेतल्या ब्रदरांचा पाय मोडला. मुंबईतल्या मंडळींनी संताच्या दिवशी जेवण ठेवलं, गाणारं कोणी नसल्यामुळं रेकॉर्ड लावली. अमक्या सिस्टर आपल्या गावी परत गेल्या, तिथं त्यांना कोणी ओळखलं नाही. कुणाकडं जुन्या गाण्याचं तिसरं कडवं असेल तर कळवावं. साहेब ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं; बराच मोठा कंटाळा होता. "एवढंच?" त्यानं विचारलं. "एवढंच," बिरजाबाई म्हणाल्या. "आमची मानसं दूर-दूर हायेत. त्यायले एकमेकाची खबर लागते." त्यानं कुणाकडून तरी जबाब लिहून घेतला, बिरजाबाईंनी सही केली, आणि तासाभरात बाबांना बाहेर आणलं.

तासाभरात. हा शब्द मी आयुष्यात किती वेळा मनाशी म्हटला असेल याचा हिशेब नाही. बाबा भिंतीला खांदा लावत आले. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं छातीशी धरला होता, एखादं आजारी लेकरू धरावं तसा. बोटं सुजून एक झाली होती, आणि नखांखाली शाई अजून तशीच होती. बोटांवर उभा दांडा बसला की हाड कसं आणि कुठं पिचतं, हे पुढं शिकताना पुस्तकातल्या आकृतीत बघितलं आणि मला वर्गाबाहेर जावं लागलं. त्या दिवशी बिरजाबाईंनीच तो हात बांधला. पट्टी मी धरली. बाबा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "सिस्टर, मशीन वापस देतीन का?" त्यांनी पट्टीची गाठ मारली.

मशीन परत आलं नाही. बाबांची बोटंही परत आली नाहीत. पुढं ते डाव्या हातानं जेवायला शिकले, आणि उरलेलं आयुष्य दवाखान्याच्या फाटकावर बसून काढलं. कागद बंद झाला. ज्यांच्यासाठी तो निघत होता त्यांच्यापैकी बहुतेकांना का बंद झाला हे कळलंही नसेल. कळवायला कागदच नव्हता. घुग्घुसचे साहेब एकदा येऊन बिरजाबाईंशी हळू आवाजात बोलून गेले, बाबांना भेटले नाहीत. बिरजाबाईंच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. देश सोडून जाण्याचा हुकूम आला तेव्हा भाताच्या रोवणीचे दिवस होते.

त्या निघायच्या दिवशी आमच्याकडं आल्या. हातात एक लहानशी पेटी. बाबा खाटेवर होते. आई नुकतीच रोवणीच्या बांधीतून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. ठाण्याच्या दिवसापासून ती बिरजाबाईंशी एक शब्द बोलली नव्हती. बिरजाबाई दारातच उभ्या राहिल्या. "मी जाऊन राह्यली, तुळशीरामभाऊ."

बाबांनी डाव्या हातानं नमस्कारासारखं केलं. "तिकडं कोन हाये तुमचं?"

"एक भाऊ हाये. मी त्याले वळखनार नाई, अन् तो मले."

 मग आई पुढं आली. पदरानं हात पुसत ती त्यांच्या अगदी समोर उभी राहिली. "एक विचारतो बाई. खरं सांगा. त्या कोठडीत तुमच्या घरचं मानूस असतं, तं तुमी परवानगी मागत बसल्या असत्या का?"

मला वाटलं, आता त्या रडतील, माफी मागतील. माझी तशी इच्छाही होती. 

"हो," त्या म्हणाल्या. "बसली असती. माही आई मरून राह्यली होती तवा बसली होती. एकदा पाहू द्या म्हनून मागतलं. थांब म्हनाले. मी थांबली."

त्यांनी पेटी उचलली. स्टँडवर गाडी येऊन लागली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, पुन्हा पुन्हा. आईनं त्यांच्या हातातली पेटी घेतली आणि खाली ठेवली.

"बसा," आई म्हणाली. "गाडीले टाइम हाये."